पिवळ्या गोळीच्या डॉक्टरीणबाई

आमच्या भिशीतल्या एकीला शौचावाटे रक्त आणि आव पडायची. मूळव्याध असेल म्हणून लाजेपोटी तिनं वर्षभर अंगावर काढलं. वजन उतरलं, तेव्हा कुठे इथं सोलापुरात दुर्बिणीची तपासणी झाली. निघाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. तिला सल्फासॅलाझिन नावाची पिवळी गोळी सुरू झाली. ही गोळी शोधली एका बाईनं, डॉ. नन्ना स्वार्ट्स यांनी.

त्यांचा जन्म १८९० सालचा, स्वीडनमधला. बायकांनी डॉक्टर होणं तिथंही तेव्हा नवलाचंच होतं. १९३७ साली त्या स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेत प्राध्यापक झाल्या. देशातल्या सरकारी विद्यापीठांत हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

खरं तर त्यांना औषध हवं होतं संधिवातावर. तो जंतूंमुळे होतो अशी त्यांची समजूत. म्हणून जंतू मारणारं सल्फा आणि ॲस्पिरिनच्या जातीचं, सूज उतरवणारं औषध, अशी दोन्हींची गाठ मारून एक औषध करवून घेतलं. ते आतड्याच्या रुग्णांनाही दिलं, तर त्यांना चांगलाच उतार पडला. १९४२ साली, ऐन महायुद्धात, त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

पण औषध काम कसं करतं, हे पुढे तीस वर्षं कळलं नव्हतं. १९७२ साली अमेरिकेत पोटात एकही जीवाणू नसलेल्या उंदरांना ते दिलं, तर गाठ सुटलीच नाही. गाठ सोडवतात मोठ्या आतड्यातले जीवाणू, त्यांच्या एन्झाइमनं! मग १९७७ साली ऑक्सफर्डला आपल्या शेजारच्या बांगलादेशच्या डॉ. आझाद खान यांनी दाखवलं, की आतड्याला गुण येतो तो सूज उतरवणाऱ्या भागानं. सल्फा नुसतं त्याला आतड्यापर्यंत पोचवतं. गंमत बघा, बाई ज्या जंतूंना मारायला निघाल्या, त्यांच्याच जातभाईंनी त्यांचं औषध उघडून दिलं. (म्हणूनच ही गोळी चालू असताना दुसऱ्या कशासाठी अँटिबायोटिक घ्यायचं झालं, तर डॉक्टरांना आधी सांगावं.)

सल्फा न सोसणाऱ्यांसाठी पुढे नुसत्या त्या भागाच्या गोळ्या निघाल्या. स्वार्ट्सबाई १९८६ साली गेल्या, म्हणजे गोळीचं गुपित त्यांच्या हयातीतच उलगडलं. आमच्या मैत्रिणीचं रक्त आता थांबलंय. लघवी पिवळी-केशरी होते म्हणून आधी घाबरली होती, पण तो रंग गोळीचाच.