फ्लॉरेन्सच्या नदीकाठी कोल्हापूरचे छत्रपती



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभा मृत भाविकांच्या स्मरणासाठी राखून ठेवते. याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ३० नोव्हेंबर १८७० रोजी, कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इटलीतील फ्लॉरेन्स शहरी निधन पावले. वय जेमतेम २० वर्षे. ते आपल्या धर्माचे नव्हते. तरीही त्यांची कथा आपल्या वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

महाराजांचे मूळ नाव नागोजीराव पाटणकर. त्यांचे मामा छत्रपती बाबासाहेब महाराज यांनी १८६६ साली मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतले. इंग्रजी शिक्षण लाभलेल्या या राजाने १८७० साली युरोपचा प्रवास केला. समुद्र ओलांडणे हे त्या काळी धर्मबाह्य मानले जाई. परदेशी जाणाऱ्या पहिल्या काही हिंदू संस्थानिकांत त्यांची गणना होते. इंग्लंडमध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली. प्रवासात ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत. सोबतचे अधिकारी कॅप्टन वेस्ट यांनी ती १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली.

परतीच्या वेळी फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध पेटलेले होते. सप्टेंबरात इटलीच्या सैन्याने रोम घेतले होते, पोप नववे पायस यांची ऐहिक सत्ता संपुष्टात आली होती आणि व्हॅटिकन धर्मपरिषद तहकूब झाली होती. अशा अस्वस्थ दिवसांत महाराज फ्लॉरेन्सला पोहोचले. ते शहर तेव्हा इटलीची राजधानी होते. तेथेच त्यांचे आजारपण बळावले व अंत झाला.

आता प्रश्न अंत्यविधीचा. सोबतच्या मंडळींना दहनसंस्कार हवा होता आणि शहर होते कॅथलिक, जेथे मृतास मातीतच ठेवले जाई. इटलीतील पहिले आधुनिक दहन मिलान येथे १८७६ साली झाले, म्हणजे या घटनेनंतर पाचहून अधिक वर्षांनी. ख्रिस्तसभेने १८८६ साली दहनास स्पष्ट मनाई केली व १९६३ साली ती शिथिल केली. तरीही फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने खास परवानगी दिली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्रीच्या वेळी चिता पेटली. परक्या धर्माच्या, परक्या देशाच्या एका तरुणाला त्याच्या रीतीने निरोप घेऊ देणाऱ्या त्या नगराविषयी आम्हांस आदर वाटतो.

त्याच जागी १८७४ साली छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे व टाउन हॉलचे वास्तुकारही तेच. छत्रीखालचा संगमरवरी अर्धपुतळा फ्लॉरेन्समध्ये राहणारे इंग्रज शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांनी घडविला. पुतळ्यास रंगही दिलेला आहे.

माणसाची हुबेहूब प्रतिमा करून ठेवण्याची हौस या शहराला फार जुनी. तेथील सांतिस्सिमा अनुन्झियाता या मारियामातेच्या मंदिरात भाविक स्वतःच्या मेणाच्या प्रतिमा नवसाने वाहत. काही तर पूर्ण मनुष्याकृती व खऱ्या वस्त्रांत सजविलेल्या. १४७८ साली लोरेन्झो दे मेदिची हल्ल्यातून बचावला, तेव्हा त्याच्या आप्तांनी त्याच्याही मेणाच्या मूर्ती वाहिल्या. वांद्र्याच्या मोतमाऊलीला मेणाचे हात, पाय, बाळ वाहणाऱ्या आपल्या लोकांना हे नवल वाटणार नाही. फ्लॉरेन्सच्या त्या मूर्ती पुढे नष्ट झाल्या. मेण ते मेणच. महाराजांची मुद्रा मात्र दगडात असल्याने आजही पाहता येते.

कोल्हापुरात महाराजांच्या मागे पुत्र नव्हता. १८७१ साली चौथे शिवाजी दत्तक आले, त्यांचाही १८८३ साली अकाली अंत झाला. नंतर १८८४ साली जे बालक दत्तक घेण्यात आले, ते राजर्षी शाहू महाराज.

फ्लॉरेन्सच्या कास्चिने उद्यानाच्या टोकाशी ती छत्री अजून उभी आहे. शहरातील लोक त्या ठिकाणाला इंडियानो, म्हणजे भारतीयाची जागा म्हणून ओळखतात. १९७८ साली जवळच आर्नो नदीवर जो पूल झाला, त्यालाही हेच नाव आहे.