पंडिता रमाबाई : कृपासदनाची वाट

प्रास्ताविक

पंडिता रमाबाईंचा परिचय सामान्यतः संस्कृत विदुषी आणि विधवांच्या कैवारी असा करून दिला जातो. समाजाने ज्यांना पतित ठरविले त्या स्त्रियांसाठी त्यांनी केलेले कार्य मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिले. प्रस्तुत घटकात त्यांच्या जीवनाचा विचार या अंगाने करावयाचा आहे.

जीवनपट

रमाबाईंचा जन्म 1858 साली अनंतशास्त्री डोंगरे व लक्ष्मीबाई यांच्या पोटी झाला. आईने त्यांना संस्कृत शिकविले. दुष्काळात आईवडिलांचा अंत झाल्यावर त्या भाऊ श्रीनिवासासह पायी भारतभर हिंडल्या. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह पतीच्या निधनामुळे दोन वर्षांतच संपला. कन्या मनोरमेला घेऊन त्या 1882 मध्ये पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

दृष्टिपालट

1883 साली इंग्लंडमध्ये असताना, लंडनजवळील फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनींनी चालविलेले एक गृह त्यांनी पाहिले. वाममार्गास लागलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागविले जात होते. ज्यांच्यासाठी आपल्या परिचयाच्या धर्मशास्त्रांत केवळ दंड होता, त्यांना येथे पुन्हा उभे राहण्याची संधी मिळते, या जाणिवेने त्या अंतर्मुख झाल्या. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

कार्य

1889 मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदासदन पुढे पुण्यास आले. 1893 साली धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले. सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. वृंदावनात निराधार विधवांचे कसे शोषण होते, हे त्यांनी वेष पालटून स्वतः पाहिले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपासमारीने घरदार सुटलेल्या मुलींना फूस लावून नेणारी माणसे तेथे वावरत होती. त्यांच्या हाती पडण्यापूर्वीच रमाबाईंनी शेकडो मुली व विधवा केडगावला आणल्या. बालपणी स्वतः भुकेने गांजलेल्या रमाबाईंना या मुलींचे दुःख परके नव्हते.

केडगावच्या मुक्तिसदनालगत त्यांनी कृपासदन उभारले. फसवणुकीला बळी पडलेल्या व समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ते स्वतंत्र निवासस्थान होते. येथे केवळ अन्न-वस्त्र देऊन कार्य संपत नसे. केडगावच्या आश्रमात लेखन-वाचनाबरोबर विणकाम, शेती, तेलघाणा व छापखाना यांतील श्रम शिकविले जात. स्वतःच्या कष्टाने जगता येणारी स्त्री पुन्हा सहजासहजी कोणाच्या पाशात सापडत नाही, हा त्यामागील विचार होता.

मूल्यमापन

सेवा आणि धर्मप्रसार यांची सरमिसळ झाली, हा आक्षेप रमाबाईंवर सातत्याने घेतला गेला. अभ्यासकाने तो टाळू नये. तथापि, ज्या काळात अशा स्त्रीला माहेर व सासर दोन्ही बंद होत असे, त्या काळात तिच्यासाठी दार उघडणारे फार थोडे होते, हेही विसरता येत नाही. 1921 मध्ये मनोरमाबाई निवर्तल्या. बायबलच्या मराठी भाषांतराचे काम पुरे करीत असतानाच्या काळात, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले. त्यांची संस्था मात्र पुढेही चालू राहिली.

स्वाध्याय

1. फुलहॅम येथील अनुभव व कृपासदन यांतील संबंध स्पष्ट करा.
2. पुनर्वसनात श्रमशिक्षणाला रमाबाईंनी महत्त्व का दिले असावे, याची चर्चा करा.