परिचारिकेच्या बक्षिसाला मान मिळवून देणाऱ्या रमाबाई रानडे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकाच्या लेखिका आणि पुणे सेवासदनाच्या संस्थापक, एवढी रमाबाई रानडे यांची ओळख बहुतेकांना असते. २०१२ मध्ये ‘उंच माझा झोका’ ही मालिका सुरू झाली आणि त्यांचं नाव घराघरांत पोचलं. पण नर्सिंग आणि सुईणपणाचं शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी त्यांनी काय केलं, हे फारसं बोललं जात नाही.

बेळगाव, निपाणी, खानापूरपासून कोल्हापूर-सांगलीपर्यंत आज गावोगावच्या मुली नर्सिंगला जातात. परीक्षेत पहिली आलेल्या मुलीला व्यासपीठावर बोलावून बक्षीस देतात, आईवडील कौतुकाने फोटो काढतात. सव्वाशे वर्षांपूर्वी चित्र अगदी उलटं होतं. चांगल्या घरातल्या मुलीने नर्स व्हायचं म्हणजे घराण्याची अब्रू गेली, असं लोक मानत. ते मत बदलायला ज्यांनी आपला शब्द आणि पत दोन्ही खर्ची घातलं, त्यांत रमाबाईंचं नाव फार वरचं आहे.

देवराष्ट्रेची यमुना

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेरचं नाव यमुना कुर्लेकर. मुलींना अक्षरओळख करून देण्याची पद्धत तेव्हा त्या घरात नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न माधवराव रानड्यांशी झालं. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा माणूस आता एखाद्या विधवेशीच लग्न करील, असं लोकांना वाटत होतं. वडिलांच्या हट्टापुढे माधवरावांचं काही चाललं नाही. या गोष्टीवरून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली.

लग्न झालं ते झालं, पण बायकोला शिकवायचंच हे माधवरावांनी मनाशी पक्कं केलं. कोर्टाचं काम आटोपून रात्री ते स्वतः शिकवायला बसत. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या बायकांना हे मुळीच रुचलं नाही. वडीलधाऱ्या बायका आणि नणंद दुर्गाबाई टोमणे मारत, अबोला धरत. पुढे इंग्रजी शिकवायला मिस हरफर्ड नावाच्या मिशनरी बाई घरी येऊ लागल्या. त्यांच्याजवळ बसून धडा झाला की रमाबाईंना अंघोळ करूनच स्वयंपाकघराकडे जाता येई. कधी उलट उत्तर न देता, पण पुस्तकही न सोडता, त्यांनी हे दिवस काढले.

या अंघोळीची गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कोणाला शिवलं म्हणजे विटाळ होतो, ही भावना त्या काळच्या घरांत किती खोल होती ते त्यावरून कळतं. परक्या बाईजवळ बसून शिकल्यावर जिथे अंघोळ लागे, तिथे परक्या जातीच्या रोग्याची जखम धुणारी, बाळंतिणीची सोयर अंगावर घेणारी मुलगी समाजाला कशी चालणार?

लोकांसमोर उभं राहण्याची किंमत

माधवरावांची नाशिकला बदली झाली, आणि तिथल्या हायस्कूलच्या एका समारंभात रमाबाई पाहुण्या म्हणून पहिल्यांदा लोकांसमोर आल्या. ते पहिलं भाषण माधवरावांनी लिहून दिलं होतं. बाईमाणसाने सभेत उभं राहून बोलायचं, ही कल्पनाच त्या वेळी लोकांना खटकणारी होती.

पुण्यात परतल्यावर १८८२ साली पंडिता रमाबाई आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला. रमाबाई रानडे त्याच्या कामात पडल्या. मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून पुण्यात सभा भरली, तेव्हा त्यांनी इंग्रजीतलं निवेदन सर्वांसमोर वाचून दाखवलं. १८८४ साली ते हायस्कूल निघालंही. तेच आजचं हुजूरपागा. बाहेर त्यांची वाहवा झाली. घरी मात्र बोलणी खावी लागली.

लोकांसमोर आलेल्या बाईला चार जणांच्या नजरा कशा टोचतात, हे रमाबाईंना दुसऱ्या कोणी सांगायला नको होतं. पुढे सेवासदनाच्या मुलींना पाठवताना हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

माधवरावांच्या मागे

१८९३ साली माधवराव मुंबईच्या हायकोर्टात न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला हललं. तिथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल क्लबच्या रूपाने बायकांना एकत्र आणलं. १६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव गेले. रमाबाई अडतिसाव्या वर्षी विधवा झाल्या. त्या पुण्याच्या घरी येऊन राहिल्या आणि सुमारे वर्षभर त्यांनी सगळ्यांतून अंग काढून घेतलं.

मग त्या हळूहळू बाहेर पडू लागल्या. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, दवाखान्यांत जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करू लागल्या. दवाखान्यात त्यांना जे दिसलं असेल ते त्या काळी सगळीकडेच होतं. बायका आजार अंगावर काढत, परक्या पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नसत, आणि त्यांची भाषा, त्यांचं सोवळं-ओवळं समजून घेणारी शिकलेली नर्स मिळणं मुश्किल होतं.

बाळंतपणाची गोष्ट तर आणखी अवघड. गावातली सुईण अनुभवी असे, पण नाळ कशाने कापावी, हात कसे धुवावेत, याचं शिक्षण तिला कोणी दिलेलं नसे. आईचा ताप आणि बाळाचा धनुर्वात यांनी घरं उजाड होत. १८८५ साली डफरिन फंड उभा राहिला, १८८६ साली मुंबईत बायका आणि मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. इमारती होत होत्या. त्यांत काम करायला हव्या होत्या इथल्याच शिकलेल्या बायका. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, हे पुण्याने पाहिलं होतं. सेवेचं मोल पुण्याला माहीत नव्हतं असं नाही. ती सेवा पगार घेऊन, रीतसर शिकून करणारी बाई मात्र समाजाला झेपत नव्हती.

सेवासदन

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं आणि त्याचं अध्यक्षपद रमाबाईंकडे आलं. दुसऱ्याच वर्षी, १९०९ साली, पुण्यात रमाबाईंच्या राहत्या घरी पुणे सेवासदन सुरू झालं. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर कामाची आखणी करायला त्यांच्या जोडीला होते.

सेवासदनात लिहिणं-वाचणं, शिवण, शिक्षिकेचं काम असं बरंच काही शिकवत. त्यातलं सगळ्यांत अवघड खातं होतं नर्सिंगचं आणि सुईणपणाचं. ससून हॉस्पिटलमध्ये या बायकांचं शिक्षण सुरू झालं. पहिली शिकाऊ नर्स म्हणून पुढे आली ती जुन्या वळणाच्या घरातली एक बालविधवा.

यात तेव्हाच्या समाजाला खटकणारं सगळंच होतं. विधवेने घराबाहेर राहायचं, रात्रपाळी करायची, परक्या पुरुषांच्या वॉर्डात जायचं, कुठल्याही जातीच्या रोग्याला हात लावायचा, रक्त-पू-मळमूत्र साफ करायचं. ज्या बाईने सणासमारंभात तोंडही दाखवू नये असं मानत, तिनेच बाळंतिणीच्या उशाशी उभं राहायचं. घरच्यांची समजूत काढायला रमाबाईंचं नाव उपयोगी पडलं. त्या स्वतः विधवा होत्या, वागण्यात साध्या आणि धर्माचरण सांभाळणाऱ्या होत्या, आणि माधवरावांच्या पत्नी म्हणून त्यांना मान होता. रमाबाईंच्या देखरेखीखाली आहे म्हटल्यावर कित्येक बापांचा आणि सासऱ्यांचा नकार जरा नरम पडे.

१९११ चा बक्षीस समारंभ

याच सुमारास पुण्यात ती घटना घडली. साल १९११. नर्सिंगच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या सेवासदनाच्या विद्यार्थिनींना बक्षिसं द्यायची होती. समोर पुण्याच्या कॉलेजांत शिकणारे तरुण बसले होते.

एकेकीचं नाव पुकारलं जात होतं. नाव पुकारल्यावर विधवेच्या वेशातली एक तरुण विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला पुढे आली, आणि समोरून टवाळी सुरू झाली. हुर्यो उडवली, शेरे मारले. त्या मुलीने रात्ररात्र जागून अभ्यास केला होता, रोग्यांची सेवा केली होती, परीक्षेत नाव काढलं होतं. तिच्या आयुष्यातला हा बहुधा पहिला मान. आणि तो घ्यायच्या क्षणी भरल्या सभेत तिची थट्टा झाली.

रमाबाई शेवटी बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना दुःख आणि संताप आवरत नव्हता. चारचौघांत आवाज चढवणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. पण त्या दिवशी त्यांनी त्या तरुणांची चांगलीच कानउघाडणी केली. एवढं शिकूनही तुमच्यात सुशिक्षितपण आलेलं नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. ही विधवा तुमच्या घरातली, तुमची बहीण असती तर काय वाटलं असतं, असं विचारलं. आजाऱ्याची सेवा करायला निघालेल्या बाईपुढे मान झुकवावी, तिची टर उडवू नये, असं बजावलं. सभा चिडीचूप झाली.

घटना तशी लहान. कायदा झाला नाही, ठराव झाला नाही. पण बक्षीस म्हणजे काय, हे त्या दिवशी पुण्याला कळलं असेल. बक्षिसाची वस्तू काय होती, केवढ्याची होती, याला फारसं महत्त्व नव्हतं. या मुलीने केलेलं काम चांगलं आहे आणि मानाचं आहे, असं सगळ्यांदेखत म्हणणं हे त्यातलं खरं देणं होतं. म्हणूनच टवाळी लागली ती तिथेच. गुपचूप घरी नेऊन बक्षीस दिलं असतं तर कोणी हसलं नसतं, पण मग त्या बक्षिसाला अर्थही उरला नसता. रमाबाईंनी समारंभ बंद केले नाहीत, मुलींना मागे ओढलं नाही. सुधारायला सांगितलं ते हसणाऱ्यांना.

शेवटपर्यंत कामात

१९१० साली रमाबाईंच्या आठवणींचं पुस्तक निघालं. मराठी आत्मचरित्रांत त्याला मानाचं स्थान आहे. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत पुण्यात मुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं यासाठी त्या झटल्या आणि बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठीही त्या पुढे आल्या. सेवासदन वाढत गेलं. १९२४ साली रमाबाई गेल्या तेव्हा पुण्यातली सेवासदनाची नर्स लोकांच्या ओळखीची झाली होती. सोलापूरला आणि नागपूरला सेवासदनाच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्था आजही चालू आहेत. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

आजच्या बक्षिसामागे

आता नर्सिंगचं शिक्षण मोठं झालं आहे. एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. असे अभ्यासक्रम आहेत आणि सुईणपणाचं शिक्षण, म्हणजेच मिडवायफरी, त्यांचाच भाग आहे. १९७३ पासून केंद्र सरकार नर्सना राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार देतं. कॉलेजांतूनही पहिल्या आलेल्या मुलींना पदकं दिली जातात. कुठे प्रसूतिशास्त्राच्या पेपरसाठी, कुठे रोग्याच्या खाटेशी केलेल्या उत्तम कामासाठी.

तरीही नर्स म्हटल्यावर नाक मुरडणारे अजून सगळे संपलेले नाहीत. लग्नाच्या बोलणीत रात्रपाळीचा विषय निघतो. दवाखान्यात डॉक्टरला साहेब म्हणणारे लोक नर्सला अरे-तुरेने हाक मारतात. बाळ सुखरूप हातात आलं की पेढे डॉक्टरांच्या केबिनमध्ये जातात, आणि रात्रभर कळा देणाऱ्या बाईच्या पाठीवर हात फिरवत बसलेल्या सिस्टरचं नावही कोणी विचारत नाही.

म्हणून या मुलींचा बक्षीस समारंभ उरकून टाकायचा कार्यक्रम नव्हे. जिल्ह्यातल्या मोठ्या माणसांनी तिथे वेळेवर जावं, पहिल्या रांगेत बसावं आणि प्रत्येक मुलीचं नाव पूर्ण उच्चारलं जाईल, याची काळजी घ्यावी. गावच्या देवळात, तालमीत, पंचायतीत दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो, त्याच रांगेत जीएनएममध्ये पहिली आलेली मुलगीही उभी राहायला हवी. १९११ साली बक्षीस घ्यायला पुढे आलेल्या त्या विद्यार्थिनीचं नाव लोकांच्या लक्षात राहिलं नाही. तिच्या बाजूने सभेत कोणीतरी उभं राहिलं, हे मात्र राहिलं.