आजोबांचा एका : श्रीसंत एकनाथ महाराजांचे चरित्र

गोदावरीच्या तीरावरील श्रीक्षेत्र पैठण ही शांतिब्रह्म श्रीसंत एकनाथ महाराजांची जन्मभूमी, कर्मभूमी आणि समाधिभूमी होय. वारकरी संप्रदायात नाथमहाराजांच्या नावाचा गजर ‘भानुदास-एकनाथ’ असा जोडीने केला जातो. यांतील भानुदास हे नाथांचे पणजोबा. पणजोबा आणि पणतू यांची नावे शेकडो वर्षे लाखो भाविकांच्या मुखी एकत्र नांदत आहेत. मात्र या दोन नावांमध्ये आणखी एक नाव आहे, जे गजरात येत नाही. ते नाव नाथांचे आजोबा चक्रपाणी यांचे. भानुदासांची भक्ती ज्यांच्या हातून एकनाथांपर्यंत पोहोचली, त्या वृद्ध दांपत्याचे स्मरण केल्यावाचून नाथचरित्र पूर्ण होत नाही.

थोर कुळाचा वारसा

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान नगरी. सातवाहन राजांची ही राजधानी पुढे विद्वान शास्त्री-पंडितांचे पीठ म्हणून दक्षिणेत विख्यात झाली. याच नगरीत एका देशस्थ ब्राह्मण कुळात भानुदासांचा जन्म झाला. त्यांच्या घराण्यात सूर्योपासना होती; पंढरीची वारीही होती. विजयनगरला नेलेली श्रीविठ्ठलाची मूर्ती भानुदासांनी पंढरपुरास परत आणली, असे वारकरी परंपरा मोठ्या कृतज्ञतेने सांगते. भानुदासांचे पुत्र चक्रपाणी आणि चक्रपाणींचे पुत्र सूर्यनारायण. सूर्यनारायण व त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई यांच्या पोटी इ. स. १५३३ च्या सुमारास एकनाथांचा जन्म झाला.

परंतु या घरावर लवकरच दैवाचा घाला पडला. बालक अजाण असतानाच त्याचे वडील आणि आई दोघेही निवर्तले. उतारवयात तरणाताठा मुलगा आणि सून गमावण्याचे दुःख चक्रपाणी आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांच्या वाट्याला आले. ज्या वयात संसाराचा भार मुलावर सोपवून देवाधर्मात मन गुंतवावे, त्या वयात या दांपत्याने पुन्हा नव्याने आई-वडिलांची भूमिका स्वीकारली. लेकाचे दुःख पोटात घालून त्यांनी नातवाला उराशी धरले.

आजी-आजोबांच्या छायेत

आजोबा-आजी या पोरक्या नातवाला लाडाने ‘एका’ म्हणत. चक्रपाणी पूजेस बसले की तोही शेजारी येऊन बसे आणि पूजेचे साहित्य हाती देई. पळी खांद्यावर टाकून तिचीच वीणा करावी, दगड मांडून त्यांनाच देव मानावे आणि त्यांच्यापुढे नाचत भजन करावे, असे त्याचे खेळ असत, असे चरित्रकार वर्णन करतात. हे खेळ त्याने कोठून उचलले, हे निराळे सांगावयास नको. घरात जे नित्य दिसते, तेच मूल खेळात आणते. पणजोबांची विठ्ठलभक्ती त्याला कोणी पाठ म्हणून शिकविली नाही. आजोबांच्या मांडीवर बसून त्याने ती पाहिली व ऐकली.

यथाकाल चक्रपाणींनी नातवाची मुंज केली आणि त्याच्या अध्ययनासाठी पंडितांची योजना केली. मुलाची बुद्धी तीव्र होती. पुराणकथा ऐकताना तो असे प्रश्न विचारी की सांगणाऱ्यांनाही थांबून विचार करावा लागे. आजोबांना याचे कौतुक वाटे. मात्र त्या प्रश्नांची उत्तरे आपल्याजवळ नाहीत, हेही त्यांना उमजत असावे.

न सांगता सोडलेले घर

एकनाथांना गुरूची ओढ लागली. एके रात्री शिवालयात बसले असता, देवगिरीस जनार्दनपंतांकडे जावे, असा आदेश त्यांना झाल्याची कथा आहे. त्या वेळी त्यांचे वय अवघे बारा वर्षांचे होते. आजोबांना विचारले असते, तर मायेपोटी त्यांनी जाऊ दिले नसते. म्हणून कोणालाही न सांगता या मुलाने घर सोडले आणि सुमारे साठ-पासष्ट किलोमीटरची वाट एकट्याने चालून देवगिरीचा किल्ला गाठला.

नाथचरित्र ऐकताना भाविकांचे मन सहजच या बालसाधकामागे देवगिरीकडे धावते. पण क्षणभर पैठणच्या त्या घरातही थांबावयास हवे. सकाळ झाली आणि नातू दिसेना. वंशाचा एकुलता एक दिवा, मुलाची अखेरची खूण. आजी-आजोबांनी गाव धुंडाळले, नदीकाठ पाहिला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारले. पण थांग लागला नाही. त्या काळी निरोप पोहोचण्याचे काही साधन नव्हते. एकदा मुलाचा मृत्यू पाहिलेल्या त्या दोन वृद्धांनी पुढची अनेक वर्षे कशी काढली असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

देवगिरीची गुरुसेवा

जनार्दनस्वामी हे देवगिरी किल्ल्याचे अधिकारी आणि श्रीदत्तात्रेयांचे थोर उपासक होते. राज्यकारभार सांभाळून परमार्थ कसा साधावा, याचा आदर्शच एकनाथांना त्यांच्या रूपाने लाभला. गुरुगृही एकनाथांनी पडेल ते काम केले, हिशेबही ठेवले. एका पैची चूक शोधण्यासाठी ते रात्रभर जागले आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजविती झाले, ही कथा सर्वश्रुत आहे. हीच एकाग्रता परमेश्वराच्या ठायी लावावी, असा बोध गुरूंनी त्यांना केला. सुमारे सहा वर्षांच्या सेवेनंतर गुरूंच्या आज्ञेने ते तीर्थयात्रेस निघाले. त्र्यंबकेश्वर परिसरात गुरूंच्याच सांगण्यावरून त्यांनी ‘चतुःश्लोकी भागवत’ या ग्रंथाची रचना केली आणि पुढे उत्तरेकडील तीर्थे केली.

पैठणच्या वाटेवरील पत्र

इकडे नातवाचा शोध घेत चक्रपाणी अखेर देवगिरीस पोहोचले. एकनाथ तोवर यात्रेस गेलेले होते. जनार्दनस्वामींनी वृद्धांची अवस्था जाणली आणि शिष्याच्या नावे एक पत्र लिहून त्यांच्या हाती दिले. एकनाथांनी विवाह करावा, गृहस्थाश्रम स्वीकारावा आणि पैठणातच राहून लोकांना भक्तिमार्ग दाखवावा, असा त्या पत्राचा आशय होता.

तीर्थयात्रा आटोपून एकनाथ पैठणला परतले, तेव्हा घरी न जाता गावाबाहेरील पिंपळेश्वर महादेवाच्या मंदिरात उतरले. घरी गेल्यास मायेचा पाश पडेल, हा त्यांचा विचार असावा. आजोबांना वार्ता कळली आणि ते धावत आले. दाढी वाढलेला, कृश झालेला हा तरुण आपला एका आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी रागाचा शब्द काढला नाही. इतकी वर्षे कोठे होतास, असा जाब विचारला नाही. आपला हक्कही सांगितला नाही. गळ्यात पडून अश्रू ढाळले आणि गुरूंचे पत्र पुढे केले.

चक्रपाणींच्या थोरपणाचा हा प्रसंग मुद्दाम ध्यानी घेण्यासारखा आहे. आजोबा म्हणून ते आज्ञा करू शकले असते. पण नातवाचे मन आता गुरुचरणी आहे हे त्यांनी जाणले आणि आपल्या प्रेमापेक्षा गुरूंच्या शब्दाला मोठे मानले. एकनाथांनी पत्र मस्तकी लावले, वाचले आणि ज्या जागी वाचले त्या जागेपुढे एक पाऊलही न टाकता तेथेच वास्तव्य केले, असे परंपरा सांगते. पुढे विजापूरच्या (वैजापूर) सुशील कन्येशी, गिरिजाबाईंशी, त्यांचा विवाह झाला. आजी-आजोबांनी नातसुनेचे मुख पाहिले आणि त्यांचे अखेरचे दिवस नातवाच्या घरी भजन-कीर्तनाच्या आनंदात गेले.

एकनाथ महाराज संन्यासी झाले नाहीत, गृहस्थ राहिले. प्रपंचात राहूनही परमार्थ साधतो, याचे महाराष्ट्राला लाभलेले हे सर्वांत मोठे उदाहरण होय. त्यामागे गुरूंची आज्ञा होती, तशीच एका आजोबांची पायपीटही होती.

नाथांचे कार्य

गृहस्थाश्रमात राहून नाथांनी केलेले कार्य अपार आहे. काशी येथे इ. स. १५७१ मध्ये ‘रुक्मिणीस्वयंवर’ आणि इ. स. १५७३ मध्ये अठरा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘एकनाथी भागवत’ त्यांनी पूर्ण केले. कालौघात अशुद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत इ. स. १५८४ मध्ये सिद्ध केली. भारुडे, गौळणी आणि अभंग यांद्वारे सामान्य जनांच्या बोलीत वेदान्त सांगितला. ‘भावार्थ रामायण’ त्यांच्या हयातीत अपुरे राहिले. ते शिष्य गावबा यांनी पूर्ण केले. हा गावबा पुरणपोळीच्या आवडीपायी लहानपणी नाथांच्या घरी राहावयास आला होता, असे सांगतात. परक्याचे मूलही या घरात घरचेच होऊन राही.

भर उन्हात गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडत उभ्या असलेल्या अस्पृश्य मानलेल्या समाजातील बालकाला नाथांनी कडेवर उचलून त्याच्या घरी पोहोचविले, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. ज्याचे आई-वडील नाहीत त्या मुलाला कोणीतरी कडेवर घ्यावे लागते, हे नाथांनी स्वतःच्या बालपणी अनुभवले होते.

पिता आणि पुत्र

नाथांना हरिपंडित नावाचा पुत्र आणि दोन कन्या होत्या. हरिपंडित मोठे संस्कृतज्ञ झाले. परंतु वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे आणि कोणाच्याही घरी अन्न घ्यावे, हे त्यांना रुचेना. मतभेद वाढले आणि हरिपंडित घर सोडून काशीस गेले. ज्या घरातून एकदा बारा वर्षांचा एकनाथ निघून गेला होता, त्याच घरातून आता एकनाथांचा पुत्र निघून गेला. चक्रपाणींनी जे सोसले, ते नाथांच्याही वाट्याला आले.

नाथांनीही आजोबांचाच मार्ग धरला. ते स्वतः काशीस गेले, पुत्राच्या दोन्ही अटी मान्य केल्या आणि त्याला घरी आणले. हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले. श्रोते मात्र हळूहळू कमी झाले. पुढे एका गरीब वृद्धेने सहस्र ब्राह्मणभोजनाचा संकल्प बोलून दाखविला, तेव्हा एकट्या नाथांना भोजन घातल्यास तो फळेल असे ठरले. स्वयंपाक हरिपंडितांनी केला. भोजनानंतर पत्रावळ उचलली तो खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा सहस्र पत्रावळी निघाल्या, अशी कथा आहे. हरिपंडितांचा अभिमान गळाला. वडिलांच्या पश्चात त्यांच्या पादुका घेऊन पंढरीची वारी करण्याची परंपरा याच हरिपंडितांनी सुरू केली.

नातू मुक्तेश्वर

नाथांच्या कन्येचा पुत्र म्हणजे थोर कवी मुक्तेश्वर. त्यांचा जन्म इ. स. १५७४ च्या सुमाराचा मानतात. बालपणी ते मुके होते आणि आजोबांच्या कृपेने त्यांना वाचा फुटली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा अर्थ भाविकांनी आपापल्या श्रद्धेनुसार घ्यावा. पण आजोबांच्या सहवासात या नातवाची वाणी उमलली, यात संशय नाही. नाथांनी भागवत आणि रामायण मराठीत आणले. मुक्तेश्वरांनी महाभारताची पर्वे ओवीबद्ध केली. आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक ही त्यांची पर्वे मराठी काव्याचे भूषण मानली जातात. ज्या मराठीस पुत्राने एकेकाळी विरोध केला, त्याच मराठीला नातवाने वैभवास नेले. कोल्हापूर जिल्ह्यातील तेरवाड येथे मुक्तेश्वरांची समाधी आहे.

चक्रपाणींनी मांडीवर घेऊन जे एकनाथांना दिले, तेच एकनाथांनी आपल्या नातवाला दिले. अनेकदा वारसा बापाकडून मुलाकडे सरळ जात नाही. तो आजोबांच्या घरी थांबतो आणि तेथून नातवाच्या हाती जातो.

समाधी आणि नाथषष्ठी

इ. स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस गोदातीरी नाथमहाराज समाधिस्थ झाले. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्तानुग्रह, गुरु-शिष्यांची भेट, स्वामींचे निर्याण आणि नाथांचे निर्याण हे पाचही प्रसंग याच तिथीचे मानले जातात. या निमित्ताने पैठण येथे नाथषष्ठीचा मोठा उत्सव भरतो. गावातील राहत्या वाड्यातील नाथमंदिर आणि गोदातीरावरील समाधिमंदिर ही दोन्ही स्थाने भाविकांनी अवश्य पाहावीत. श्रीकृष्णाने श्रीखंड्या होऊन ज्यात पाणी भरले, असे मानतात तो रांजण वाड्यात आहे. पैठणजवळील जायकवाडी धरणाच्या जलाशयासही ‘नाथसागर’ असे नाव दिलेले आहे. आषाढीस पैठणहून नाथांच्या पादुकांची पालखी पंढरपुरास जाते.

दर्शनास येणाऱ्या कुटुंबांत आजोबांचे बोट धरलेली नातवंडे नेहमीच दिसतात. रांगेत उभे राहून आजी नातीला देवाची गोष्ट सांगत असते. ते दृश्य पाहिले म्हणजे चक्रपाणी आणि सरस्वतीबाई यांची आठवण होते. त्यांचा ग्रंथ नाही, अभंग नाही, समाधीचा उत्सव नाही. त्यांनी फक्त एक पोरके मूल सांभाळले, ते हरवले तेव्हा शोधले आणि सापडले तेव्हा रागावले नाहीत. पुढल्या वेळी ‘भानुदास-एकनाथ’ असा गजर कानी पडेल, तेव्हा त्या दोन नावांच्या मध्ये भाविकांनी क्षणभर थांबावे आणि या आजी-आजोबांनाही मनोभावे वंदन करावे.

॥ श्री एकनाथ महाराज की जय ॥