बडोदे कॉलेजचे प्रोफेसर घोष

दांडिया बाजारातील अरविंद निवास आपल्या बडोदेकरांना नवे नाही. १५ ऑगस्टला तिथे दर्शनाला जाणारी कितीतरी मराठी घरे आहेत. पाँडिचेरीचे महायोगी म्हणून श्रीअरविंदांना सारे जग ओळखते, पण आपल्या गावाने त्यांना आधी पाहिले ते कॉलेजात इंग्रजी शिकवणारे प्रोफेसर घोष म्हणून. त्यांच्या त्या नोकरीकडे पाहताना एक जुनाच प्रश्न समोर येतो. चांगला प्राध्यापक कोणता, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून?

अरविंदांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ रोजी कलकत्त्याला झाला. वडील डॉ. कृष्णधन घोष सिव्हिल सर्जन होते आणि मुले पूर्ण इंग्रजी वळणाची व्हावीत असा त्यांचा हट्ट होता. त्यामुळे सातव्या वर्षीच अरविंदांची रवानगी विलायतेला झाली. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेतून ते शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेले. १८९० साली आय.सी.एस.च्या लेखी परीक्षेत ते अकरावे आले. पुढे घोडेस्वारीच्या परीक्षेला ते गेले नाहीत आणि ती सनद हुकली. केंब्रिजच्या परीक्षेत मात्र त्यांनी पहिला वर्ग मिळवला होता.

त्याच सुमारास श्रीमंत सयाजीराव महाराज लंडनमध्ये होते. आय.सी.एस.च्या तोडीचा माणूस दरमहा २०० रुपयांत मिळतो आहे, हे त्यांच्या पारखी नजरेने हेरले. फेब्रुवारी १८९३ मध्ये अरविंद बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. नेमणूक शिकवण्यासाठी नव्हती. आधी जमीन मोजणी, मग महसूल, मग सचिवालय अशी खाती त्यांनी पाहिली. महाराजांची महत्त्वाची पत्रे आणि भाषणे यांचे मसुदेही त्यांच्याकडे येत.

१८९७ च्या सुमारास ते कॉलेजात फ्रेंच शिकवू लागले, पाठोपाठ इंग्रजीचे काम आले. हा माणूस कचेरीत अडकवून ठेवण्यासारखा नाही, हे प्राचार्य टेट यांच्या ध्यानात आले. घोष कायमचे कॉलेजला मिळावेत अशी मागणी त्यांनी दरबारकडे केली आणि ती मान्य झाली. पुढे ते उपप्राचार्य झाले, काही काळ प्राचार्यांचे कामही त्यांनी पाहिले.

आपले कॉलेज तेव्हा मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. मुंबईच्या प्राध्यापकांच्या, विशेषतः जे परीक्षक असत त्यांच्या, नोट्स मिळवून पाठ करायच्या ही विद्यार्थ्यांची रीत होती. एकदा घोष साउदीने लिहिलेले नेल्सनचे चरित्र शिकवत होते. सर, तुम्ही सांगता ते नोट्सशी जुळत नाही, असे विद्यार्थ्यांनी त्यांच्या लक्षात आणून दिले. त्यावर त्यांनी सांगितले की त्या नोट्स आपण वाचलेल्याच नाहीत आणि तसल्या नोट्स बहुतेक टाकाऊच असतात. परीक्षेची काळजी असलेल्या मुलांना हे ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. प्राध्यापकाच्या तोंडचा शब्द न् शब्द उतरवून पाठ करणारे विद्यार्थी पाहून केंब्रिजमध्ये शिकलेल्या घोषांना नवल वाटे.

त्यांची पद्धत त्यांच्या पाटकर नावाच्या विद्यार्थ्याने लिहून ठेवली आहे. पुस्तक उघडण्याआधी विषयाची ओळख करून देणारी काही व्याख्याने होत. मग वाचन, आणि अडेल तिथेच थांबून खुलासा. शेवटी साऱ्या पुस्तकावर पुन्हा सर्वांगाने व्याख्याने. आवाज मोठा नसे, हातवारे नसत, तरी कॉलेजच्या सभेत ते बोलत तेव्हा मुले कान देऊन ऐकत. इंग्रजी सुधारायला मेकॉले वाचू का, असे पाटकरांनी विचारले तेव्हा कोणाचेही गुलाम होऊ नका, स्वतःचे स्वतः व्हा, असा त्यांचा सल्ला होता.

आम्ही बँकेत उभी हयात काढली, म्हणून पाटकरांची आणखी एक आठवण आम्हाला विशेष वाटते. घोष तीन-तीन महिन्यांचा पगार एकदम आणत, टेबलावरच्या तबकात ओतत आणि तसाच उघडा ठेवत. कुलूप नाही, हिशेबाची वही नाही. पैसे जात ते पुस्तकांवर. मुंबईच्या आत्माराम राधाबाई सगुण यांच्या दुकानातून खोकी भरून पुस्तके येत.

आता सेवापुस्तकाचा विचार करू. महाराजांनी घोषांच्या बुद्धीची आणि कर्तबगारीची वाखाणणी केली, पण वक्तशीरपणा आणि नियमितपणा कमी असल्याचा शेराही दिला. गोपनीय अहवालाचे रकाने आम्ही वर्षानुवर्षे भरले आहेत, त्यामुळे त्या शेऱ्याला आम्ही चूक म्हणणार नाही. तो खराच होता. घोषांनी स्वतःही आपण फार काटेकोर प्राध्यापक होतो असा दावा कधी केला नाही. मात्र वेळेचा रकाना वेळच मोजतो. वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या मनात काय पेटले, ते त्यात येत नाही. १९०२ साली बडोदे कॉलेजात आलेले आणि पुढे भारतीय विद्या भवन स्थापणारे कन्हैयालाल मुनशी हे घोषांचेच विद्यार्थी. राष्ट्रभावना कशी जागवावी, असे त्यांनी विचारले तेव्हा घोषांनी भिंतीवरच्या भारताच्या नकाशाकडे बोट दाखवले आणि ती जिवंत माता आहे असे समजावून सांगितले. अभ्यासक्रमात हा धडा नव्हता, पण मुनशींना तो जन्मभर पुरला.

आपल्या मराठी मंडळींशी त्यांचे घरोब्याचे संबंध होते. खासेराव जाधव आणि त्यांचे बंधू माधवराव हे जिवलग स्नेही. केंब्रिजपासूनचे मित्र केशवराव देशपांडे यांच्यामुळे १८९३ मध्ये मुंबईच्या इंदुप्रकाशात त्यांचे राजकीय लेख आले. मराठीही ते इथेच शिकले.

१९०६ साली बडोद्याच्या पगाराच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यावर, दरमहा १५० रुपयांवर, ते कलकत्त्याच्या बंगाल नॅशनल कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले. सरकारी विद्यापीठाची मान्यता नसलेले ते कॉलेज होते. पुढे शिक्षणावर लिहिताना त्यांनी मांडले की शिक्षक हा वरून ज्ञान ओतणारा नसतो, विद्यार्थ्याला त्याचे त्याने शिकायला मदत करणारा असतो.

डिसेंबर १९०७ मधील सुरत काँग्रेसनंतर ते बडोद्याला आले. विष्णू भास्कर लेले यांच्याकडून त्यांनी ध्यानाची दीक्षा घेतली ती याच मुक्कामात, सरदार मुजुमदारांच्या वाड्यात. विद्यार्थ्यांनी घोषांना भेटू नये, अशी कॉलेजच्या प्राचार्यांची ताकीद होती. मुले वर्ग सोडून धावली, गाडीचे घोडे सोडले आणि ती गाडी स्वतः ओढत नेली. त्यानंतर अलीपूरचा खटला झाला, १९१० मध्ये त्यांनी पाँडिचेरी गाठली आणि ५ डिसेंबर १९५० रोजी तिथेच त्यांचे निर्वाण झाले.

आज त्याच घुमटाखाली महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे वर्ग भरतात. आता नॅकची श्रेणी आहे, हजेरीची यंत्रे आहेत, विद्यार्थ्यांकडून भरून घ्यायचे अभिप्रायाचे अर्ज आहेत. हे सारे असावे, हिशेबाशिवाय संस्था चालत नाही. पण घोषांची पारख केली ती एका महाराजाने, एका प्राचार्याने आणि गाडी ओढणाऱ्या त्या मुलांनी. त्यातल्या मुलांची पारख सर्वांत उशिरा उमटली, आणि आमच्या मते तीच सर्वांत खरी होती. आपल्या घरातील मुलगा किंवा नात कॉलेजात जात असेल तर सरांनी किती पोर्शन संपवला एवढेच विचारू नये. सरांमुळे कोणते पुस्तक आपणहून वाचावेसे वाटले, हेही एकदा विचारून पाहावे.