रॉबर्ट हार्टिग: झाड का कुजतं ते शोधणारा माणूस

ॲप क्रॅश झालं की आम्ही इंजिनिअर लोक आधी बघतो, समोर दिसतंय ते कारण आहे की परिणाम? रॉबर्ट हार्टिग यांनी झाडांच्या बाबतीत नेमकं हेच पाहिलं, म्हणून ते मला आवडतात.

त्यांचा जन्म १८३९ चा, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचा. आजोबा आणि वडील दोघेही नावाजलेले वनतज्ज्ञ. कुजक्या लाकडातले बुरशीचे तंतू वडिलांनी, म्हणजे थिओडोर हार्टिग यांनी, आधीच पाहिले होते. पण हे तंतू लाकडातूनच तयार होतात, असं त्यांना वाटायचं.

मुलाने बरोबर उलटं दाखवून दिलं. एबर्सवाल्डच्या वन अकादमीत शिकवताना रॉबर्ट यांच्या लक्षात आलं की खोडावरची कडक अळंबी आणि लाकडातले तंतू हे एकाच बुरशीचे भाग आहेत. बीजाणू जखमेतून आत जातात, तंतू लाकूड पचवत पसरतात आणि अळंबी बाहेर दिसते ती बऱ्याच उशिरा. यावरची त्यांची पुस्तकं १८७४ आणि १८७८ मध्ये आली. मुळांतून पसरणाऱ्या बुरशीसाठी रोगट झाडांभोवती चर खणायचा उपायही त्यांनी सुचवला. १८७८ पासून ते म्युनिकला प्राध्यापक होते. १९०१ मध्ये तिथेच वारले.

तेव्हा रस्त्याकडेच्या झाडावर अशी अळंबी दिसली, तर ती खरवडून काही होत नाही. खोड आतून पोकळ झालेलं असू शकतं. फोटो काढा आणि पावसाळ्याआधी पालिकेच्या उद्यान विभागाला कळवा.