चारोटीच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो, त्यामागचा प्रश्न होमी भाभांनी १९६३ सालीच हातात घेतला होता

बोईसरच्या एमआयडीसीतून माल भरलेला ट्रक चिल्हार फाट्यावरून हायवेला लागतो. गुजरातकडे जायचं असेल तर पुढं चारोटीचा टोलनाका लागतो आणि मुंबईकडं यायचं असेल तर खानिवड्याचा. ट्रकचा वेग जरा कमी होतो, वरच्या चौकोनी डब्यातून काहीतरी घडतं आणि दांडा उघडतो.

तो चौकोनी डबा म्हणजे आरएफआयडी रीडर. काचेवर चिकटवलेला फास्टॅग म्हणजे पॅसिव्ह टॅग. पॅसिव्ह कशामुळं, तर त्यात बॅटरीच नसते.

मग तो चालतो कसा ?

लहानपणी आरशाचा तुकडा उन्हात धरून समोरच्या भिंतीवर कवडसा पाडायचा खेळ आपण सगळेच खेळलोय. उजेड सूर्याचा, आपण फक्त आरसा हलवायचा. टॅग नेमकं तेच करतो. रीडर ८६५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या रेडिओ लहरी सोडतो. टॅगमधला पातळ अँटेना त्यातूनच चिमूटभर वीज मिळवतो, त्यावर चिप जागी होते आणि लहरी कमी-जास्त परतवून आपला नंबर कळवते. खरी कसरत असते ती रीडरची. स्वतः मोठ्यानं ओरडत असतानाच त्याला समोरची कुजबुज ऐकायची असते.

देशात असे १० कोटींहून जास्त फास्टॅग दिले गेलेत. पण टॅगमधली ती चिप आणि रीडरमधली मुख्य चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत अमेरिकेच्या आणि नेदरलँड्सच्या.

यंत्र आपल्या दारात, पण त्याचा जीव परदेशात. ही गोष्ट पालघरकरांना नवी नाही. बोईसरपासून काही किलोमीटरवर समुद्राकाठी उभ्या असलेल्या तारापूर अणुवीज केंद्रानं हा अनुभव फार आधी घेतलाय. आणि या दोन्ही गोष्टी ज्या एका माणसापाशी येऊन मिळतात, तो माणूस म्हणजे होमी जहांगीर भाभा.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. वडील वकील. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळं पोरानं केंब्रिजला जाऊन इंजिनिअर व्हावं आणि परत येऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात लागावं, असं घरच्यांनी ठरवून टाकलेलं. १९२७ साली भाभा केंब्रिजला गेले, मेकॅनिकल इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले, पण मन रमलं ते भौतिकशास्त्रात. वडिलांनीही अट घातली होती, आधी इंजिनिअरिंग पूर्ण कर, मग तुझ्या मनासारखं. भाभांनी अट पाळली आणि मग मनासारखंच केलं.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणित त्यांनी मांडलं. आज त्याला भाभा स्कॅटरिंग म्हणतात. पुढं १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासोबत त्यांनी वैश्विक किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला.

१९३९ साली ते सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरं महायुद्ध पेटलं. परतीचा रस्ता बंद झाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन होते, भाभा तिथं रुजू झाले. सुट्टीसाठी आलेला माणूस कायमचा इथला झाला.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिलं. त्याचा मतितार्थ असा होता की, उद्या अणुऊर्जा वीज तयार करायला वापरली जाईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडं बघायची वेळ येऊ नये, ते इथंच तयार असावेत. लक्षात घ्या, तेव्हा हिरोशिमा व्हायला वर्षाहून जास्त काळ होता. या पत्रातूनच १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजेच टीआयएफआर उभी राहिली.

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, भाभा अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये तुर्भ्याला अणुऊर्जा केंद्र सुरू झालं. आणि इथंच आपल्या गोष्टीतला इलेक्ट्रॉनिक्सचा धागा सुरू होतो.

अणुभट्टी म्हणजे नुसतं युरेनियम नाही. किरणोत्सर्ग मोजायला यंत्रं लागतात, भट्टी ताब्यात ठेवायला नियंत्रण यंत्रणा लागते. प्रत्येक यंत्र बाहेरून आणायचं तर पैसाही जातो आणि बिघडलं की कामही थांबतं. म्हणून भाभांनी ए. एस. राव यांच्यासारख्या माणसांना हाताशी धरून ही उपकरणं तुर्भ्यातच बनवायला लावली. ४ ऑगस्ट १९५६ ला अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिची नियंत्रण यंत्रणा भारतीय होती, इंधन मात्र ब्रिटनचं. दुसरीकडं टीआयएफआरमध्ये टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा कॉम्प्युटर तयार झाला, तो १९६० मध्ये कामाला लागला.

मग आलं १९६२. चीननं युद्धात आपल्याला धडा दिला. रडार, वायरलेस, दळणवळण, सगळ्यात आपण किती मागं आहोत हे उघडं पडलं. ऑगस्ट १९६३ मध्ये सरकारनं इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. अध्यक्ष होमी भाभा. सोबत विक्रम साराभाई, एस. भगवंतम आणि ए. एस. राव. पुढं ती भाभा समिती म्हणूनच ओळखली गेली.

समितीच्या विचाराचा गाभा सोपा होता. बाहेरून भाग आणून डबा जुळवला म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आलं, असं होत नाही. सुटे भाग आणि ते बनवायला लागणारं साहित्य इथं तयार झालं पाहिजे. त्यासाठी पुढच्या १० वर्षांचा हिशोब समितीनं मांडला.

आता गंमत बघा. ज्या काळात भाभा हा विचार करत होते, त्याच काळात ते तारापूरचा सौदाही करत होते. १९६३ मध्ये अमेरिकेसोबत करार झाला, १९६४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम मिळालं. भट्ट्या अमेरिकी आणि त्यांना लागणारं समृद्ध युरेनियमही अमेरिकेचं. स्वावलंबनाचा आग्रह धरणाऱ्या माणसानं असं का केलं ?

कारण त्यांना एक गोष्ट लवकर सिद्ध करायची होती. कोळशाच्या खाणींपासून लांब असलेल्या पश्चिम किनाऱ्यावर अणुवीज परवडते आणि भारतीय इंजिनिअर ती चालवू शकतात, ही ती गोष्ट. आधी तयार भट्टी घ्यायची, तिच्यावर हात बसवायचा आणि लांबच्या पल्ल्यासाठी आपल्या युरेनियम-थोरियमवरच्या भट्ट्या उभ्या करायच्या, असा त्यांचा डाव होता.

तो डाव पूर्ण झालेला बघणं त्यांच्या नशिबात नव्हतं.

२४ जानेवारी १९६६. व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेल्या भाभांचं एअर इंडियाचं कांचनजंगा हे विमान आल्प्समध्ये माँ ब्लाँवर आदळलं. ११७ जण गेले. त्याच दिवशी इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. या अपघातावर कटाच्या कितीतरी गोष्टी आजही व्हॉट्सॲपवर फिरतात. अधिकृत चौकशीत मात्र वेगळीच गोष्ट पुढं आली. विमानातलं दिशा दाखवणारं एक रेडिओ उपकरण बैरूतहून निघतानाच नादुरुस्त होतं, वैमानिकाचा जागेचा अंदाज चुकला आणि रडारवरच्या माणसानं दिलेली सूचना पुरेशी नेमकी नसल्यानं त्याला ती नीट कळली नाही. देशाच्या इलेक्ट्रॉनिक्सचा आराखडा आखणारा माणूस गेला, त्यात एका बंद पडलेल्या रेडिओ उपकरणाचा वाटा होता.

भाभा चित्रं काढायचे, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकायचे, संस्थेच्या आवारातली झाडं वाचावीत म्हणून धडपडायचे. लग्न केलं नाही. गेले तेव्हा वय होतं ५६.

समितीचा अहवाल छापून आला १९६६ मध्ये, भाभांच्या माघारी. १९६७ मध्ये तुर्भ्याच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातूनच हैदराबादची ईसीआयएल कंपनी उभी राहिली. ए. एस. राव तिचे प्रमुख होते. आपण मतदान करतो त्या ईव्हीएम बनवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी ही एक. तारापूरच्या भट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यावसायिक पातळीवर सुरू झाल्या.

आणि मग तारापूरनं किंमत मोजली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर इंधनावरून अमेरिकेनं हात आखडता घेतला. पुढं फ्रान्सकडून, मग चीन आणि रशियाकडून इंधन आणावं लागलं. शेजारी ५४० मेगावॅटच्या दोन भारतीय बनावटीच्या भट्ट्या उभ्या राहायला २००५-०६ उजाडलं. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, त्यांच्या पुनर्वसनाचं भांडण कोर्टापर्यंत गेलं. स्वावलंबनाचं बिल कुणाच्या नावावर फाटतं, हेही या किनाऱ्यानं पाहिलंय.

चिपचं काय झालं ? मोहालीत सरकारी सेमीकंडक्टर कारखाना निघाला, पण १९८९ मध्ये तो आगीत सापडला. तैवानची टीएसएमसी सुरू झाली होती १९८७ मध्ये. ती कुठं गेली आणि आपण कुठं राहिलो, हे सांगायची गरज नाही.

आता आजचं बघू. २०२३ या एका वर्षात जगात अशा पॅसिव्ह टॅगच्या ४० अब्जांहून जास्त चिप विकल्या गेल्या. कपड्यांची दुकानं, गोदामं, कुरिअर, सगळीकडं रीडर लागतायत आणि एकाच चिपवर बसणारे छोटे रीडर आल्यानं ते हातातल्या यंत्रांत मावू लागलेत. आपल्याच हायवेवर पुढं गुजरातमध्ये चोर्यासी नाक्यासाठी २०२५ मध्ये बिनदांड्याच्या टोलचा करार झाला. तिथं गाडी थांबणार नाही. वर लावलेला रीडर टॅग वाचेल आणि कॅमेरा नंबरप्लेट.

पण म्हणून सगळीकडं आरएफआयडीच जिंकेल असंही नाही. ऑगस्ट २०२३ पासून सरकारनं ३०० औषध ब्रँडना ओळख-कोड सक्तीचा केला, तो बारकोड किंवा क्यूआर कोड. कारण तो छापायला जवळपास फुकट असतो. लोखंड आणि पाणी रेडिओ लहरींना त्रास देतात, त्यामुळं बोईसरमधल्या पोलादाच्या कॉईलवर किंवा रसायनाच्या पिंपावर साधा टॅग चिकटवून भागत नाही. त्यासाठी वेगळे, महाग टॅग लागतात. म्हणजे रीडरचा बाजार वाढेल तो जिथं वेग हवा आणि माल डोळ्यासमोर नसतो तिथं. बाकी ठिकाणी कॅमेरा पुरेल.

रीडरचा डबा, अँटेना, सॉफ्टवेअर, जोडणी हे सगळं भारतात होऊ शकतं. प्रश्न परत चिपवरच येऊन थांबतो. २०२१ मध्ये केंद्रानं ७६ हजार कोटींची सेमीकंडक्टर योजना जाहीर केली. २०२४ मध्ये गुजरातमधल्या धोलेरा इथं टाटांच्या चिप कारखान्याला मंजुरी मिळाली. भाभांच्या पत्रावर ज्या टाटांच्या ट्रस्टनं पैसे दिले होते, तेच नाव ८० वर्षांनी परत या गोष्टीत आलंय.

त्यामुळं पुढच्या वेळी चारोटीला दांडा वर जाईल तेव्हा काचेवरच्या त्या कागदाकडं एकदा बघा. तारापूरची भट्टी जशी इंधनावाचून अडली होती, तसा उद्या हा कागद चिपवाचून अडेल का, हा प्रश्न त्याला चिकटलेलाच आहे.